सुजेची गोळी आणि आईच्या पायावरची सूज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६२ वर्षांच्या, गावी असतात. जूनमध्ये गुडघा सुजला तेव्हा डॉक्टरांनी अ‍ॅसेक्लोफेनॅक १०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ आणि सेरॅशिओपेप्टिडेज १५ मिग्रॅ अशी एकत्र गोळी दिवसातून दोनदा, ५ दिवसांसाठी लिहून दिली. गुण आला. तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ अडीच महिने, रिकामी स्ट्रिप दुकानात दाखवून त्या तीच गोळी आणून घेताहेत. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची एक गोळी आधीपासून आहे, आणि मध्यंतरी बीपी चढलं म्हणून अ‍ॅम्लोडिपिनची भर पडली. आता पंधरा दिवस झाले, घोट्यांवर सूज येते, चपलेचा पट्टा रुततो. आईंचं म्हणणं, सूज आहे म्हणून तर सुजेची गोळी घेतेय. तुम्ही विचारलंय की ही गोळी रोज घेतलेली चालते का आणि सोबत पित्ताची गोळी दिली तर ती सुरक्षित होईल का.

मी फार्मासिस्ट आहे. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात २६ वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे. मी तुमच्या आईंचे पाय पाहिलेले नाहीत आणि रोगनिदान हे माझं काम नाही. पण औषध शरीरात जाऊन काय करतं आणि लोक ते खरोखर कसं घेतात, हे मी रोज पाहते. त्यावरूनच सांगते.

आधी आज काय करायचं ते. आईंची पुढची सुजेची गोळी आजच थांबवा. ही गोळी एकदम सोडली तर काही बिघडत नाही, हळूहळू कमी करत आणावी लागत नाही. दुखणं थोडं परत येईल, तेवढंच. बीपीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करतेय का ते सांगणारा आकडा), पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लघवीची साधी तपासणी करून घ्यावी का, असं त्यांना आपणहून विचारा.

आता यामागचं कारण. माझ्या मते सगळा घोळ ‘सूज’ या एका शब्दात आहे. गुडघा सुजतो तेव्हा सांध्याच्या आत दाह असतो. तिथे हात लावला तर गरम लागतं, दुखतं, वाकवताना ओढ बसते. अ‍ॅसेक्लोफेनॅक त्या सुजेवरचं औषध आहे. घोट्यावरची सूज वेगळी. दोन्ही पायांवर सारखी, फारशी न दुखणारी, बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. ही पाणी साचल्याची सूज. तिच्यावर ही गोळी काम करत नाही. उलट ही गोळीच ती सूज आणू शकते. आई ज्या सुजेवर गोळी घेताहेत, ती कदाचित त्या गोळीनेच आली असेल.

हे कसं होतं ते सांगते. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. दुखणं आणि दाह त्यांच्यामुळे जाणवतो. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं हीच रसायनं बनू देत नाहीत, हे जॉन वेन या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अ‍ॅसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही सगळी त्याच कुळातली. पण हीच रसायनं इतर ठिकाणी आपल्या भल्याचं काम करत असतात. जठराच्या आतल्या अस्तराचं ती रक्षण करतात, किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवतात, शरीरातलं जादा मीठ लघवीवाटे बाहेर जाऊ देतात. गोळीला गुडघा कुठला आणि किडनी कुठली हे कळत नाही. ती सगळीकडेच त्यांचा पुरवठा तोडते. मीठ अडलं की पाणी अडतं, पाणी अडलं की घोटे सुजतात आणि बीपी वर जातं.

म्हणून तुमच्या पत्रातली ‘मध्यंतरी बीपी वाढलं’ ही ओळ मी दोनदा वाचली. बीपी वाढलं ते गोळी सुरू झाल्यानंतर. या कुळातली औषधं टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळीचा जोर कमी करतात. डॉक्टरांना आई सुजेची गोळी अजून घेताहेत हे सांगितलं होतं का? बहुधा नाही, कारण घरी ती ‘औषध’ या सदरात मोजलीच जात नाही, ‘दुखायची गोळी’ म्हणून बाजूला राहते. बीपी चढलेलं दिसलं, डॉक्टरांनी रास्तपणे अ‍ॅम्लोडिपिन वाढवलं. आणि अ‍ॅम्लोडिपिननेही घोट्यांवर सूज येते, हा त्या औषधाचा ठाऊक असलेला त्रास आहे. म्हणजे आता संशयित दोन झाले. तिसरी शक्यता किडनी किंवा हृदयाची, आणि ती मनातून काढून टाकता येत नाही. यातलं नेमकं कोणतं, हे तपासणीशिवाय मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. पण सुरुवात गोळी थांबवण्यापासून करायची, कारण तीच एक गोष्ट अशी आहे की जिची आईंना आज गरज नाही.

किडनीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मला खरी काळजी तिचीच आहे. टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतून बाहेर पडणारी वाट सैल करतं. हायड्रोक्लोरोथायाझाइड शरीरातलं पाणी आणि मीठ कमी करतं. ही जोडी एकट्याने ठीक असते, लाखो लोक घेतात. पण त्यात अ‍ॅसेक्लोफेनॅक आलं की गाळणीत शिरणारी वाट आवळली जाते. आत येणारं रक्त कमी, बाहेर जाणारी वाट सैल, एकूण पाणी आधीच कमी. गाळण्यासाठी लागणारा दाबच उरत नाही. या तिन्हींची एकत्र गाठ पडणं डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघेही टाळायला पाहतात, म्हातारपणी तर नक्कीच. त्यात जुलाब, उलट्या, ताप, कडक उपवास किंवा उन्हातलं काम यातलं काही आलं तर दोन दिवसांतही क्रिएटिनिन वर जाऊ शकतं. आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात मजूर बाया दहा-दहा गोळ्या मागायला येतात. पहाटेपासून कोयता चालवायचा, पाणी पुरेसं प्यायचं नाही, आणि दुपारी अंग उभं राहावं म्हणून गोळी. त्यांना मी गोळीपेक्षा आधी पाण्याचं विचारते.

याच कुळातलं औषध किडनीवर किती निर्दय होऊ शकतं याचं एक उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडलं. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि किडन्या निकामी होऊन भारतातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. गुरांच्या शरीरात अ‍ॅसेक्लोफेनॅकचं डायक्लोफेनॅक होतं, म्हणून २०२३ च्या जुलैत जनावरांसाठी त्यावरही बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आपल्याला इतक्या थोड्या मात्रेने तसं काही होत नाही. पण ‘अ‍ॅसेक्लोफेनॅक सौम्य असतं’ असं कुणी काउंटरवर म्हणालं की मला गिधाडं आठवतात.

पित्ताच्या गोळीचं. पँटोप्राझोल किंवा तत्सम गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतली तर जठर आणि त्याच्या पुढचा भाग, इथल्या व्रणाचा धोका बराच कमी होतो. वय जास्त असेल किंवा आधी अल्सर झालेला असेल तर डॉक्टर ती जोडून देतात आणि ते बरोबर आहे. पण तिचं संरक्षण तिथेच संपतं. किडनी, बीपी, हृदय यांना ती काही मदत करत नाही, खालच्या आतड्यालाही नाही. म्हणजे तुमच्या आईंच्या बाबतीत जे बिघडतंय, त्याच्यावर पित्ताची गोळी हा उपायच नव्हे. तसंच ‘भरल्या पोटी घेतली की काही होत नाही’ हेही अर्धंच खरं आहे. अनशापोटी घेऊ नये, जेवणानंतर घ्यावी, त्याने मळमळ आणि जळजळ कमी होते. पण व्रण होतो तो मुख्यतः गोळी रक्तात जाऊन अस्तराचं संरक्षण काढून घेते म्हणून. याच औषधाच्या इंजेक्शननेही अल्सर होतो, तिथे तर पोटात काही पडतच नाही.

मागे एक आजोबा बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन दुकानात आले. सुनेने पाठवलं होतं, यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते सांगा म्हणून. डबा काउंटरवर उपडा केला तर सगळ्या कापलेल्या स्ट्रिपा. दोन गोळ्यांचा तुकडा, तीनचा, एक सुटी गोळी कागदात गुंडाळलेली. बऱ्याच तुकड्यांवरून नावाचा भाग आधीच कुणीतरी कापून नेलेला, फक्त ‘ब्लेट्स’ एवढी अक्षरं शिल्लक. मी भिंग घेऊन एकेक वाचत गेले. एक गोळी दाढ काढली तेव्हाची, एक कंबरेची, एक गुडघ्याची. तीन डॉक्टरांनी तीन वेळी दिलेली, तीन कंपन्यांची, तीन रंगांची. तिन्हींत अ‍ॅसेक्लोफेनॅक १००. आजोबा सकाळी कंबरेची, दुपारी गुडघ्याची आणि रात्री दात ठणकला तर दाताची घेत होते. अ‍ॅसेक्लोफेनॅकची दिवसाची कमाल मात्रा २०० मिग्रॅ आहे, ते ३०० घेत होते आणि त्यांच्या हिशेबी प्रत्येक गोळी एकदाच घेत होते. तेव्हापासून मी स्ट्रिप कापून दिली तर पाकिटावर घटकाचं नाव स्वतःच्या हाताने मराठीत लिहून देते. तुम्हीही आईंच्या घरातला असा डबा एकदा उपडा करून बघा. ब्रँडचं मोठं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा.

आता गोळीतल्या बाकीच्या दोघांविषयी. पॅरासिटामॉल ३२५ ही छोटी मात्रा आहे. जोडगोळ्यांमध्ये एका गोळीत यापेक्षा जास्त पॅरासिटामॉल असू नये, हा निर्णय औषध नियंत्रकांनी २०११ मध्ये यकृत जपण्यासाठी घेतला. पण पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळीतही असतं, तापाच्या ६५० मध्येही असतं, आणि माणूस ते वेगवेगळं मोजतो. धडधाकट प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची हद्द. वजन कमी असेल, जेवण नीट जात नसेल, यकृताचा आजार किंवा दारू असेल तर डॉक्टर ती बरीच खाली आणतात.

सेरॅशिओपेप्टिडेज हे एक एन्झाइम आहे, रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून मिळालेलं. जठरातल्या आम्लात ते टिकत नाही, म्हणून गोळीवर आवरण असतं. ही गोळी अर्धी करून किंवा कुटून देऊ नये, त्याचं कारण हेच. सुजेवर ते कितपत काम करतं याचे पुरावे दुबळे आहेत. जपानच्या टाकेदा कंपनीने स्वतःच बाजारात आणलेलं हे औषध २०११ मध्ये परत घेतलं, कारण नव्या चाचण्यांत ते नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आपल्याकडे ते अजून सर्रास लिहिलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: झिजलेल्या गुडघ्यासाठी महिनोन्‌महिने हा तिसरा घटक पोटात घालण्याचं कारण मला दिसत नाही. एकत्र गोळीची अडचणही हीच असते. तिघांपैकी एकच हवा असेल तरी तिघे घ्यावे लागतात, आणि त्रास झाला तर कुणामुळे झाला ते उमगत नाही.

‘या गोळीवर बंदी आली म्हणे’ असंही तुम्ही लिहिलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ जोड-औषधांवर बंदी घातली, त्यात अ‍ॅसेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ ही गोळी होती. आईंची १०० आणि ३२५ वाली गोळी त्या यादीत नव्हती. पण बंदी नसणं म्हणजे मोकळीक असणं नव्हे. ती शेड्यूल एच मधली आहे, स्ट्रिपवर लाल पट्टा असतो, आणि कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. रिकामी स्ट्रिप ही चिठ्ठी होत नाही. आईंना अडीच महिने ती तशी मिळत राहिली, यात आमच्या पेशाचीही चूक आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मग ही गोळी कधीच घेऊ नये का? तसं नाही. मुरगळलेला पाय, काढलेली दाढ, अचानक धरलेली कंबर, अशा वेळी किडनी, हृदय आणि पोट ठीक असलेल्या माणसाने ३ ते ५ दिवस, जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत, बारा तासांच्या अंतराने एकेक गोळी घ्यावी आणि थांबावं. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. पाच दिवसांत उतार नसेल तर सहाव्या दिवसाची गोळी न आणता डॉक्टरांना परत दाखवायचं. तुमच्या आईंना पहिले पाच दिवस दिली ती अशाच विचाराने दिली असणार.

काही माणसांना मात्र मी पाच दिवसांसाठीही चिठ्ठी पाहून डॉक्टरांना फोन लावते. ज्यांची अँजिओप्लास्टी झालीय, हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय किंवा हृदय कमजोर आहे, त्यांनी अ‍ॅसेक्लोफेनॅक घेऊच नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, अगदी अ‍ॅस्पिरिन ७५ सुद्धा, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिनने ज्यांचा दमा उसळतो त्यांना याने उसळू शकतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा मनाच्या आजारासाठी लिथियम चालू असेल तर आधी विचारलंच पाहिजे. गरोदर बाईने, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, आपल्या मनाने मुळीच घेऊ नये. आणि सध्याच्या दिवसांत फार महत्त्वाचं: तापासोबत अंग मोडून आलं असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ही गोळी नको. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच घसरत असतात, त्यात ही गोळी रक्तस्राव वाढवू शकते. तापाला नुसतं पॅरासिटामॉल.

गुडघ्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय आई गोळी सोडणार नाहीत. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचं जेल हा मला सगळ्यात शहाणा पहिला पर्याय वाटतो. ते कातडीतून रक्तात फार थोडं जातं, गोळीच्या तुलनेत साधारण ६ टक्के. तरी किडनीचा अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. फार दुखेल त्या दिवशी नुसतं पॅरासिटामॉल, मात्रा डॉक्टर सांगतील ती. आणि मांडीचा व्यायाम. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा तिच्यावर दाबायचा, पाच अंक मोजून सोडायचा. दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. पहिल्या आठवड्यात काही वाटत नाही, सहा ते आठ आठवड्यांनी जिना चढताना फरक जाणवतो. खाली बसून भाजी निवडणं, उकिडवं बसून कपडे धुणं तेवढं सोडायला लावा, स्टुलावर बसून तीच कामं होतात.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत आईंवर लक्ष ठेवा. शौचाला डांबरासारखं काळं आणि चिकट होणं (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर रंग तसाही काळपट येतो, पण चिकट, घाण वासाचं होत नाही), कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवी एकदम कमी होणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, छातीत दुखणं, चेहरा किंवा ओठ सुजणं, डोळे पिवळे दिसणं, यातलं काहीही दिसलं तर वेळेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, बीपीच्या, पित्ताच्या आणि डब्यातल्या सुट्यासुद्धा. आणि एका कागदावर तारखा लिहा: सुजेची गोळी कधी सुरू झाली, बीपी चढलेलं कधी दिसलं, अ‍ॅम्लोडिपिन कोणत्या दिवसापासून, चपलेचा पट्टा पहिल्यांदा कधी रुतला, आणि गोळी बंद केल्यावर सूज कितव्या दिवशी उतरली किंवा नाही उतरली. अ‍ॅम्लोडिपिन ठेवायचं की बदलायचं हे डॉक्टर बरंचसं त्या तारखांवरून ठरवतील. क्रिएटिनिनचा आकडा आला की मला कळवा.